जोसेफ स्मिथचा बिअरचा ग्लास

एम६१ वरून प्रेस्टनच्या दिशेने जाताना चोर्लीपाशी एक उंच, पांढरा मनोरा दिसतो. त्याच्या टोकावर सोनेरी पुतळा आहे. मँचेस्टर-बोल्टनकडून लेक डिस्ट्रिक्टला निघालेल्या आपल्यापैकी अनेकांनी तो गाडीच्या काचेतून पाहिला असेल. ते मॉर्मन पंथाचं मंदिर आहे. १९९८ साली ते सुरू झालं आणि चोर्लीत असलं तरी त्याला नाव प्रेस्टनचं दिलेलं आहे. या मंदिरात कुणालाही सहज जाता येत नाही. सभासदालाही त्यासाठी परवाना लागतो आणि परवान्याआधी मुलाखत होते. पंथाचा आहारनियम पाळता का, हा त्या मुलाखतीतला एक ठरलेला प्रश्न. म्हणजे दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य आहे ना, असा त्याचा अर्थ.

या पंथाबद्दल थोडंफार वाचलं की एक गोष्ट हमखास समोर येते. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ स्वतः वाइन घेत असे, त्याच्या घरी काही काळ बार होता, आणि मृत्यूच्या दिवशी तुरुंगातही त्याने व सोबत्यांनी वाइन मागवली होती. टीकाकार हे मोठ्या चवीने सांगतात: बघा, लोकांना सांगे ब्रह्मज्ञान! श्रद्धाळू उत्तर देतात, की तेव्हा तो नियम नव्हता, नुसता सल्ला होता. काळ वेगळा होता. दीडशे वर्षं हा वाद याच दोन वाक्यांभोवती फिरतो आहे. माझं काम एकोणिसाव्या शतकातल्या छापील नियतकालिकांवर आहे, त्यामुळे मी हा वाद जुन्या कागदांच्या बाजूने वाचते. त्या बाजूने पाहिलं तर दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. आजचा नियम १८३३ सालातही होताच, असं टीकाकार धरून चालतात. श्रद्धाळूंच्या उत्तरात हा नियम पुढे कसा, कुणी आणि कुणासाठी कडक केला, याचा पत्ताच लागत नाही.

आधी मूळ मजकूर पाहू. २७ फेब्रुवारी १८३३ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कर्टलंड गावी जोसेफ स्मिथने एक 'साक्षात्कार' सांगितला. पंथात त्याला 'वर्ड ऑफ विज्डम' म्हणतात; आपण त्याला 'शहाणपणाचं वचन' म्हणू. हे आज्ञा म्हणून किंवा सक्ती म्हणून नाही, असं सुरुवातीलाच त्यात सांगितलेलं आहे. मग येतो तपशील. वाइन आणि कडक मद्य पिणं चांगलं नाही. धार्मिक विधीसाठी मात्र स्वतः केलेली शुद्ध द्राक्षाची वाइन चालेल. कडक मद्य अंग धुण्यासाठी वापरावं. तंबाखू माणसाच्या पोटासाठी नाही, मुका मार लागला तर किंवा गुरं आजारी पडली तर ती कामी येते. 'गरम पेयं' पोटासाठी नाहीत. मांस बेतानं खावं, तेही थंडीत किंवा दुष्काळात. आणि सातू सौम्य पेयांसाठी उपयोगी आहे.

यातली शेवटची दोन कलमं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. सातूचं सौम्य पेय म्हणजे त्या काळच्या साध्या वाचकाला काय वाटलं असेल? हलकी बिअर. म्हणजे शब्दशः वाचलं तर हा मजकूर बिअरला हरकत घेत नाही. उलट मांसाबद्दल तो बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पण मंदिराच्या मुलाखतीत बिअर चालत नाही, आणि मांस बेतानं खाता का, हे कुणी विचारत नाही. मजकूर तोच आहे. त्यातलं कुठलं वाक्य ठळक करायचं आणि कुठलं फिकट, हे नंतरच्या पिढ्यांनी ठरवलं.

हा मजकूर त्या काळात कितपत कडक होता, हे मोजायचं असेल तर त्या चोर्लीच्या मनोऱ्यापासून काही मैलांवरच्या प्रेस्टनला जावं लागतं. त्या काळात 'टेम्परन्स' म्हणजे संपूर्ण दारूबंदी नव्हे. १८२६ साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन टेम्परन्स सोसायटीचा सुरुवातीचा रोख होता तो ऊर्ध्वपातित दारूवर, म्हणजे व्हिस्की, रम, ब्रँडीवर. बिअर आणि वाइन बेतानं घेणारा माणूस त्या चळवळीत बसत होता. इंग्लंडमध्येही तसंच होतं. जिनचं व्यसन कमी व्हावं आणि बिअरचा धंदा खुला व्हावा म्हणून सरकारने १८३० साली बिअरहाउस कायदा केला. वर्षाला दोन गिनी भरल्या की कुणीही करदाता घरात बिअरचं दुकान थाटू शकत होता. कापडगिरण्यांच्या लँकशायरमध्ये गल्लोगल्ली अशी दुकानं उघडली. मजुराचा पगार शनिवारी संध्याकाळी कुठे जातो, हे आता घरातल्या बाईला विचारायची गरजच उरली नाही.

ते पाहून प्रेस्टनचा चीजचा व्यापारी जोसेफ लिव्हसी वेगळ्या निष्कर्षाला आला. नुसती जिन सोडून भागणार नाही, बिअरही सोडली पाहिजे. १ सप्टेंबर १८३२ रोजी लिव्हसीसह सात जणांनी प्रतिज्ञेवर सही केली: एल, पोर्टर, वाइन, स्पिरिट, काहीही घेणार नाही, औषध म्हणून घ्यावं लागलं तर तेवढाच अपवाद. पुढच्या वर्षी रिचर्ड टर्नर नावाच्या कामगाराने सभेत या संपूर्ण वर्जनाला 'टीटोटल' म्हटलं आणि तो शब्द इंग्रजी भाषेत कायमचा राहिला. लिव्हसी गावोगाव माल्टवर व्याख्यान देत असे. बिअरमध्ये पोषण असतं, या मजुरांच्या समजुतीला तो सभेतच प्रयोग करून छेद द्यायचा. बिअर उकळून त्यातलं मद्य वेगळं काढायचं, ते पेटवून दाखवायचं, आणि मग उरलेल्या ऐवजात धान्याचं सत्त्व किती थोडं आहे ते दाखवायचं.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. प्रेस्टनची प्रतिज्ञा सप्टेंबर १८३२ ची, कर्टलंडचं वचन फेब्रुवारी १८३३ चं. मध्ये सहा महिनेही नाहीत. चीजच्या व्यापाऱ्याची प्रतिज्ञा बिअरही बंद करते, आणि ईश्वराच्या नावे सांगितलेलं वचन सातूचं सौम्य पेय मोकळं ठेवतं. जोसेफ स्मिथचं वचन त्याच्या काळातल्या सर्वांत कडक भूमिकेइतकं कडक नव्हतं. ते त्या काळच्या मवाळ टेम्परन्सच्या बरंच जवळ होतं. त्याने एखादा ग्लास बिअर घेतली तर त्याने स्वतःचंच वचन मोडलं, असं म्हणायला त्या मजकुरात आधार मिळत नाही. टीकाकारांचा पहिला वार इथेच चुकतो.

या दोन्ही धारा प्रत्यक्षात एका छपराखाली आल्या. जुलै १८३७ मध्ये हीबर किंबॉल, ऑर्सन हाइड आणि त्यांचे सोबती लिव्हरपूलला उतरून प्रेस्टनला पोचले. ३० जुलैला त्यांनी रिबल नदीत नऊ जणांना बाप्तिस्मा दिला. गावातल्या चर्चचे दरवाजे बंद झाल्यावर त्यांनी सभांसाठी जागा मिळवली ती 'कॉकपिट'ची. एके काळी कोंबड्यांच्या झुंजी लावायला बांधलेली ती इमारत तेव्हा टेम्परन्सवाल्यांच्या सभांची जागा झाली होती. ब्रिटनमधल्या मॉर्मन पंथाची पहिली मोठी परिषद त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तिथेच भरली. दारू सोडून नवं आयुष्य सुरू करायला निघालेली माणसं, जाहीर सभा, जाहीर कबुली, सगळ्यांच्या साक्षीने घेतलेली शपथ. मिशनऱ्यांना जमीन आयती नांगरून मिळाली होती. १८५० च्या सुमारास युटापेक्षा ब्रिटनमध्ये जास्त मॉर्मन होते, हे आजच्या वाचकाला खरं वाटत नाही.

इथे एक मजेशीर पेच आहे. प्रेस्टनच्या चळवळीचं मुख्य हत्यार होतं चहा. दारूच्या मेजवानीला पर्याय म्हणून हे लोक शेकडोंच्या चहापार्ट्या भरवत. मजुराने गुत्त्याऐवजी कुठे बसायचं, याचं उत्तर चहाच्या टेबलात होतं. आणि कर्टलंडच्या वचनातली 'गरम पेयं' म्हणजे चहा आणि कॉफीच, असा खुलासा जोसेफचा भाऊ हायरम स्मिथ याने १८४२ साली केला. म्हणजे एका चळवळीने माणसाला ज्या कपाने वाचवलं, दुसरीने तोच कप दोषात धरला. पथ्य म्हणजे निव्वळ आरोग्याचा हिशोब, असं मानणाऱ्याने या कपाकडे बघावं. आपण कुणापासून वेगळे, हे सांगण्याचं कामही पथ्य करत असतं.

आता पुढाऱ्यांच्या वागण्याकडे येऊ. जानेवारी १८३६ मध्ये एका लग्नात जोसेफ स्मिथने वाइनला आशीर्वाद दिल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे, आणि ती आनंदाने केलेली आहे. नंतर इलिनॉयमधल्या नावू या त्यांच्या शहरात १८४१ साली नगरपालिकेने व्हिस्कीच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली. १८४३ च्या डिसेंबरात त्याच नगरपालिकेने महापौराला त्याच्या घरी मद्यविक्रीची मुभा दिली. महापौर स्वतः जोसेफ स्मिथ होता. त्याच्या मुलाने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणीत असं आहे, की घरात बार थाटलेला पाहून आई एमा संतापली, आणि तो हलवावा लागला. आठवण लहानपणची आणि लिहिली उतारवयात, तेव्हा तिचा शब्द न् शब्द प्रमाण धरू नये. पण पंथाच्या प्रमुखाच्या घरात बार असणं तेव्हाही कुणाला तरी खुपलं होतं, एवढं तीतून कळतं. आणि २७ जून १८४४ ला कार्थेजच्या तुरुंगात वाइन आली तेव्हा तिथे हजर असलेला जॉन टेलर हा मूळचा इंग्लंडमधल्या वेस्टमोरलंडचा, पुढे पंथाचा तिसरा अध्यक्ष झाला. काही लोक त्या वाइनला धार्मिक विधी ठरवू पाहत होते. टेलरने ते साफ नाकारलं: मनं जड झाली होती, जरा उभारी यावी म्हणून मागवली, एवढंच. त्याच दिवशी जमावाने जोसेफ आणि हायरम यांना गोळ्या घालून मारलं. टेलरला गोळ्या लागल्या, पण तो वाचला. मला टेलरचं हे सांगणं फार मोलाचं वाटतं. त्याने आपल्या गुरूला ना झाकलं, ना सजवलं.

इथवर वाचून 'तो नुसता सल्ला होता' म्हणणाऱ्यांना बरं वाटेल. पण कागद त्यांनाही सोडत नाहीत. फेब्रुवारी १८३४ मध्येच कर्टलंडच्या वरिष्ठ मंडळाने ठराव केला, की वचन नीट समजावून दिल्यावरही जो ते पाळत नाही तो पदाला लायक नाही. आणि एप्रिल १८३८ मध्ये डेव्हिड व्हिटमर या पंथाच्या मूळ साक्षीदारांपैकी एकाला बाहेर काढलं तेव्हा आरोपपत्रातलं पहिलंच कलम होतं शहाणपणाचं वचन न पाळल्याचं. खरं भांडण नेतृत्वाशी होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा कुणी कप उचलतो तेव्हा तो सल्ला, व्हिटमर उचलतो तेव्हा गुन्हा. म्हणून 'कोण प्यायलं' यापेक्षा 'कुणाचं पिणं मोजलं गेलं' हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. ज्या नियमाचा जोर माणूस बघून बदलतो त्याला सल्ला म्हणणं भाबडेपणाचं आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात. युटात ब्रिघम यंगने दक्षिणेकडच्या वसाहतीत द्राक्षं लावून घेतली, आणि तिथले लोक दशमांश म्हणून पंथाच्या कोठारात वाइन आणून भरत. नियम खऱ्या अर्थाने घट्ट झाला तो विसाव्या शतकात, अमेरिकेत दारूबंदीचं वारं होतं तेव्हा. टॉमस अलेक्झांडर या इतिहासकाराने हा प्रवास कागदोपत्री दाखवून दिला आहे. १९२१ साली हीबर ग्रँट अध्यक्ष असताना मंदिराच्या परवान्यासाठी वचन पाळणं आवश्यक ठरलं. गंमत अशी, की ५ डिसेंबर १९३३ ला अमेरिकेतली दारूबंदी उठवण्यासाठी लागणारं छत्तिसावं राज्य ठरलं ते युटाच. ग्रँटला त्याचं फार दुःख झालं. राज्यातली बंदी गेली, मंदिराच्या दारातली राहिली.

आता ज्या ग्लासाचं नाव या लेखाला दिलं आहे त्याकडे वळते. १ जून १८४४ च्या जोसेफ स्मिथच्या रोजनिशीत दिवसभराच्या कामांबरोबर एक बारीकशी नोंद आहे: मोसरकडे एक ग्लास बिअर घेतली. पुढे जोसेफचा इतिहास पंथाच्या 'मिलेनियल स्टार' या ब्रिटनमधल्या मुखपत्रात क्रमशः छापला जात होता, तेव्हा १८६१ साली लिव्हरपूलमध्ये ही नोंद जशीच्या तशी छापून आली. छापणाऱ्यांना तीत लपवण्यासारखं काही दिसलं नाही. मग १९०२ पासून हाच इतिहास अमेरिकेत खंडरूपाने निघाला. संपादक होते बी. एच. रॉबर्ट्स, त्यांचा जन्म इथलाच, वॉरिंग्टनचा, आणि ते पंथातले मोठे विद्वान होते. त्या खंडात १ जूनची नोंद आहे, कामं आहेत, माणसं आहेत. बिअरचा ग्लास नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हरकत घेण्यासारखी गोष्ट ही आहे. १८४४ सालचा ग्लास निरुपद्रवी होता. तो उचलून ठेवणं निरुपद्रवी नव्हतं. कारण तो काढून टाकल्याबरोबर वाचकाला असं वाटू लागतं, की आजचा नियम पहिल्यापासून असाच होता, आणि जो आज तो पाळत नाही तो पूर्वजांशी बेइमान आहे. त्यामुळे आजच्या माणसावरचं ओझं वाढतं, आणि पूर्वजाचंही नुकसान होतं. दमलेला, घाबरलेला, मित्रांबरोबर वाइन मागवणारा माणूस जाऊन त्याच्या जागी पुतळा येतो. आणि जेव्हा कधी तरी तो ग्लास सापडतो, तेव्हा श्रद्धाळूचा विश्वास बिअरमुळे तुटत नाही, लपवाछपवीमुळे तुटतो. न्याय म्हणून हेही सांगायला हवं, की या पंथाने अलीकडे जोसेफ स्मिथचे सगळे कागद स्वतःच मूळ बरहुकूम प्रसिद्ध केले आहेत, आणि त्यात तो ग्लास आपल्या जागी परत आला आहे.

हे सगळं मराठीत का लिहायचं? कारण हाच ग्लास आपल्या घरातूनही उचलला गेला आहे. इथल्या मंडळांत गणपतीच्या जेवणावरून किंवा दिवाळीच्या पार्टीवरून वाद झाला, की एक वाक्य येतंच: 'आपल्या संस्कृतीत दारू नाही.' लगेच दुसऱ्या टोकाकडून सोमरसाचा दाखला येतो. या दोन वाक्यांनी संपणाऱ्या वादात 'आपल्या' म्हणजे नेमक्या कुणाच्या, हे कुणी विचारत नाही. कोकणातल्या भंडाऱ्यांची माडी, जिच्यावर १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने वरवंटा फिरवला, ती कुणाच्या संस्कृतीतली? ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींची मोहाची फुलं, जी १८९२ च्या मोहाच्या कायद्याने सरकारी ताब्यात गेली? राखणदाराला दाखवला जाणारा दारूचा नैवेद्य? मुलांना गावच्या देवळाबद्दल सांगताना हा नैवेद्य आपण गाळतो. रॉबर्ट्सच्या खंडात झालं तेच आपण तोंडी करतो.

दारूविरोधाचा आपला इतिहासही असाच सपाट करून सांगितला जातो. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन केलं. मध्ये १८८८ साली डब्ल्यू. एस. केन या ब्रिटिश खासदाराने लंडनमध्ये अँग्लो-इंडियन टेम्परन्स असोसिएशन उभी केली आणि भारतातल्या सभांशी ती जोडली. म्हणजे ज्या चळवळीची एक मुळी प्रेस्टनमध्ये आहे तिचे धागे आपल्यापर्यंत आले होते. अबकारीचा पैसा सरकारच्या तिजोरीत जात असल्यामुळे या लढ्याला राजकीय धार होती. 'आपल्याकडे कधी नव्हतीच' म्हटलं, की फुल्यांनी पत्र कशाविरुद्ध लिहिलं, हेच कळेनासं होतं.

मग नियम नकोच का? असं मला म्हणायचं नाही. बिअरहाउसच्या गल्लीत राहणाऱ्या बाईला सल्ल्याचा काही उपयोग नव्हता. महाराष्ट्रात 'आडवी बाटली'ला मतदान करून गावचं दुकान बंद करणाऱ्या बायकांनाही तो नाही. त्यांना नियमच हवा होता आणि त्यांनी तो मागून घेतला. पण त्यांची ताकद बघा कशात आहे: आज, या गावात, या कारणासाठी, आमच्या मतांनी. प्रेस्टनच्या सात जणांच्या कागदातही हेच आहे. वारकऱ्याने गळ्यात माळ घातली तर तीही त्याने स्वतः घातलेली असते. आजोबांच्या गळ्यात ती नसली तरी त्याचं काही बिघडत नाही.

तेव्हा आपल्या मंडळाला कार्यक्रमात दारू नको असेल तर नको म्हणावं. लहान मुलं असतात, परतीच्या वाटेवर गाडी चालवायची असते, कुणाच्या घरात त्या बाटलीने वाटोळं केलेलं असतं. कारणं भरपूर आणि चांगली आहेत. ती आजची कारणं आजची म्हणूनच सांगावीत. त्यासाठी पणजोबांच्या हातातला ग्लास काढून घ्यायची गरज नाही. इथे वाढणारी मुलं जुने कागद उघडणारच आहेत, आणि त्यांना तो सापडणारच आहे.